आधी परतीची खेप

मागच्या महिन्यात आपण गटाच्या मालाची विक्री या विषयावर बोललो होतो, आणि त्यात मी आमच्या फजितीची गोष्ट सांगितली होती. प्रदर्शनाला जाताना टेम्पो ठरवला, पापड-लोणची-गोधड्या सगळं व्यवस्थित नेलं, आणि परतीच्या टेम्पोचा कुणी विचारच केला नाही. न खपलेला माल बसच्या टपावर टाकून आणला. ते ऐकून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती अलास्कात राहते. म्हणाली, "माझ्याबरोबर काम करणारी एक बाई आहे, तिची वही तू बघायला हवीस." तिने वहीच्या पानांचे फोटो पाठवले, मग दोन-तीन वेळा त्या बाईशी फोनवर गाठ घालून दिली. बहीण मधे बसून मराठी करायची. आजचं बोलणं त्या वहीविषयी.

विषय शिकारीचा आहे, हे आधीच सांगते. माळकरी मावश्यांनी रागावू नये, आणि तरुण पोरांनी कानात वारं भरू देऊ नये. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, ससा मारला तरी गुन्हा. तिथे परवाना काढून, ठरलेल्या दिवसांत, ठरलेलंच जनावर मारता येतं. मला त्यातली बंदूक सांगायची नाही. मला सांगायचाय तो काटा, दोरी आणि हिशेब.

अलास्का म्हणजे अमेरिकेचं सगळ्यात मोठं राज्य, पण बाकीच्या अमेरिकेला चिकटलेलं नाही, मधे कॅनडा येतो. आपल्या महाराष्ट्राच्या साडेपाच पट जागा, आणि माणसं साडेसात लाखांच्या आत. रस्ते थोडे. बहुतेक लहान गावांना रस्ताच जात नाही. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात बर्फावरची गाडी, आणि बाराही महिने छोटं विमान. आपल्याकडे वडाप असतं ना, तसं तिथे विमान. तळ्यावर उतरणारं, कारण चाकांच्या जागी त्याला होडीसारखे दोन तराफे असतात. दुसरं एक असतं ते नदीकाठच्या गोट्यांवर उतरतं. त्याची चाकं फुगवलेल्या ट्यूबसारखी गलेलठ्ठ.

आणि जनावर कोणतं, तर मूस. सोनाराची मूस नव्हे बरं का. हरणाच्या कुळातलं जगातलं सगळ्यात मोठं जनावर. आपलं सांबर आठवा, त्याच्या दुपटीहून मोठं. तिथला पूर्ण वाढलेला नर साडेपाचशे ते सव्वासातशे किलोचा भरतो. शिंगं परातीसारखी पसरट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कधी कधी सहा फूट. असा एक मोठा नर मिळाला तर हाडं काढून निव्वळ मांस सव्वादोनशे किलोच्या आसपास पडतं.

या बाईला आपण ताई म्हणू. ताई, तिचा भाऊ आणि भावजय अशी तिघं दर सप्टेंबरात जातात. एक मूस मिळाला की तीन घरांचा हिवाळा निघतो. तिथे हिवाळा सहा-सात महिन्यांचा. आपण जसं पावसाळ्यापूर्वी धान्य भरून ठेवतो, तसा तिचा डीप फ्रीझर भरायचा असतो. त्यामुळे ही सहल नव्हे. विमानाचं भाडं भरून रिकाम्या हाताने परत येणं म्हणजे घरातल्या पैशाला मोठं भोक.

वहीचं पहिलं पान उघडलं तर मला वाटलं होतं, निघण्याची तारीख असेल. तर तिथे लिहिलंय: परत. पहिलं पान परतीचं. जनावर मिळालं असं धरून, तळ्यावर किती किलो माल उभा असेल आणि विमान किती उचलेल, इथून तिचा हिशेब सुरू होतो आणि उलटा मागे येतो.

आता हा हिशेब नीट ऐका, मला त्यात फार गंमत वाटली. त्यांच्याकडचं जे जुनं, दणकट तळ्यावरचं विमान आहे, बीव्हर नावाचं, कॅनडात बनलेलं, त्याचं पहिलं उड्डाण १९४७ सालचं, आणि अजून ती विमानं तिथे धावतायत. पायलट आणि इंधन सोडून ते साधारण साडेचारशे किलो उचलतं, थोडं कमी-जास्त. तिघं माणसं जाड कपडे-बुटांसकट दोनशे तीस किलो. प्रत्येकाची पिशवी सत्तावीस किलो, म्हणजे झाले ऐंशी. तंबू, शिधा, शेगडी, ताडपत्री, दोर, सुऱ्या, मांसाच्या पिशव्या, बंदूक मिळून एकशे वीस. बेरीज चारशे तीस. जाताना एका खेपेत बसलं. येताना? शिधा थोडा कमी झाला, पण बाकी सगळं तेच, आणि वर हाडांसकट तीनशे किलो मांस, शिंगं वेगळी. म्हणजे येताना दोन खेपा. आणि विमान तुम्हाला सोडून रिकामं परत जातं, न्यायला रिकामं येतं, त्याचंही भाडं चढतं, अगदी आपल्या टेम्पोसारखं. तेव्हा जाण्याची एक आणि येण्याच्या दोन अशा तीन फेऱ्यांचे पैसे बाजूला ठेवल्याशिवाय ताई निघतच नाही. तिच्या ओळखीतल्या काही जणांनी एकाच परतीचे पैसे ठेवले होते. मग पायलटशी घासाघीस करत तळ्याकाठी उभे. तिथे कोण ऐकतंय.

वजन अंदाजे लिहायचं नाही, हा तिचा नियम. घरी काट्यावर ठेवायचं आणि लिहायचं. माणसांनीसुद्धा काट्यावर उभं राहायचं, अंगावर सगळे कपडे घालून. भावजयीने एका वर्षी आपलं वजन चार किलो कमी सांगितलं होतं म्हणे. पायलटने उचलून काट्यावर ठेवलं नाही एवढंच. बायांनो, हसू नका, आपणही रेशनच्या काट्यावर उभं राहताना चपला काढतोच.

पिशव्या मऊ हव्यात. कडक पेट्या छोट्या विमानाच्या पोटात बसत नाहीत, कोपरे मोकळे राहतात. पण मोठ्या विमानाने आधीच्या गावापर्यंत जाताना बंदूक मात्र कुलूपबंद कडक पेटीतच न्यावी लागते, आणि विमानतळावर सांगावी लागते. म्हणून ती पेटी त्या गावात ठेवायची, पुढे कापडी खोळ. शेगडीचा गॅस मोठ्या विमानात चालत नाही, तो शेवटच्या गावात विकत घ्यायचा, आणि तिथल्या दुकानात तो सप्टेंबरात संपलेला असतो. त्यामुळे ताई जुलैतच दुकानदाराला फोन करून बाजूला ठेवायला सांगते. अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा असतो, तो विमानाच्या आत कुणीही घेऊ देत नाही. हवेत डबा फुटला तर पायलटच आंधळा! तो बाहेर तराफ्याच्या पोकळीत ठेवतात. असल्या बारक्या गोष्टी तिने लाल शाईने लिहिल्यात, कारण प्रत्येक गोष्ट कुणाला तरी एकदा नडलेली आहे.

शिध्याचं पान मला आपलंसं वाटलं. मुक्काम आठ दिवसांचा, पण शिधा तेरा दिवसांचा. धुकं आलं, वारा सुटला, की पायलट येत नाही, आणि येऊ नये. तांदूळ, ओट्स, शेवया, सुकं दूध, चहा. माझ्या बहिणीने एका वर्षी तिला मेतकूट करून दिलं, हलकं म्हणून. तेव्हापासून वहीत देवनागरीत "मेतकूट" लिहिलंय, बहिणीच्या अक्षरात. बरं, ही सावधगिरी काही ताईचीच नाही. अलास्काच्या कायद्यातच आहे की विमानात संकटात जगण्यापुरतं सामान ठेवलंच पाहिजे. कुठे उतरावं लागेल सांगता येत नाही.

आता कायद्याची पानं. तिथलं खातं दरवर्षी नियमांचं पुस्तक काढतं, फुकट मिळतं, आणि सगळं राज्य सव्वीस विभागांत वाटलेलं आहे. प्रत्येक विभागाचे दिवस वेगळे, नियम वेगळे. बऱ्याच ठिकाणी शिंगांचा पसारा पन्नास इंच भरला तरच नर मारता येतो, किंवा कपाळाजवळच्या फाट्यांची संख्या मोजावी लागते. लांबून दुर्बिणीतून पन्नास इंच ओळखायचे! चूक झाली तर गुन्हा. आणि एक नियम मला फार आवडला. विमानातून उतरल्या दिवशी शिकार करायची नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजेपर्यंत थांबायचं. नाहीतर लोक वरून जनावर हेरतील, शेजारी उतरतील आणि मारतील. जनावराला एक रात्र द्यायची. तीन वाजता, बघा, कुणीतरी बसून तास ठरवलाय.

आणि सगळ्यात कडक नियम मांसाचा. खाण्याजोगं सगळं मांस आणावंच लागतं. मान, छाती, बरगड्यांमधलं, पाठीचं, चारी पाय. ते टाकून आलात तर दंड आणि तुरुंग दोन्ही होऊ शकतात. शिंगं आधी आणि मांस मागून, असंही चालत नाही. शिंगं निघायची ती मांसाच्या शेवटच्या ओझ्याबरोबर. काही विभागांत तर मांस हाडावरच ठेवून आणावं लागतं, कारण हाडावर ते जास्त टिकतं आणि कमी वाया जातं. हाडांसकट मागचा एक पाय पन्नास किलोच्या वर जातो. तो कुणी उचलायचा? म्हणून वहीत गोळी कुठे मारायची याच्या आधी लिहिलंय, ओझं कुठून उचलायचं.

तिचा नियम असा: तळ्यापासून दीड किलोमीटरच्या पुढे जनावर मारायचं नाही. आणि पाण्यात उभं असलेलं तर नाहीच. तिकडची जमीन आपल्या माळासारखी नाही. पाणथळ, शेवाळाची, आणि मधेमधे गवताचे डोक्याएवढे गुंडे. त्यावर पाय ठेवला की लटपटतात, मधे ठेवला की गुडघाभर चिखल. तीनशे किलोची तीस-तीस किलोची दहा ओझी होतात. तिघांत तीन-चार फेऱ्या प्रत्येकी. दीड किलोमीटरला एका माणसाची दहा-बारा किलोमीटर चाल. जमतं, दीड दिवसात.

एका वर्षी काय झालं ते ताईने सांगितलं. पाच दिवस काही मिळालं नाही. ती मादीचा आवाज काढायला शिकली आहे. सप्टेंबरच्या शेवटाकडे नर माजावर येतात, तेव्हा हाताचा द्रोण करून लांब हंबरडा काढला की नर उत्तर देतो, झुडपं मोडत येतो. फोनवर तिने तो आवाज काढून दाखवला. आमच्या बैठकीत मी काढला तर शेजारच्या गोठ्यातली म्हैस ओरडली. असो. सहाव्या दिवशी नर दिसला, मोठा, पन्नास इंचांच्या वर निश्चित. पण दलदलीच्या पलीकडे, तळ्यापासून तीन किलोमीटर. भाऊ म्हणाला मारू. भावजय गप्प. ताईने तिथेच वही काढली आणि मोठ्याने फेऱ्या मोजल्या. प्रत्येकी वीस-बावीस किलोमीटर, निम्मी वाट ओझ्यासकट, दलदलीतून. विमान तीन दिवसांनी येणार. पावसाचं चिन्ह. एखादा पाय मुरगळला तर उरलेल्या दोघांवर सगळं. आणि अर्धं मांस तिथे कुजलं तर गुन्हा, आणि गुन्ह्यापेक्षा ते पाप, असं ती म्हणाली. (पाप हा शब्द माझ्या बहिणीचा असेल, मी विचारलं नाही.) भावाने बंदूक खाली ठेवली. रात्री तो कुणाशी बोलला नाही. त्या वर्षी तिघं रिकाम्या हाताने परत आली.

मी तिला विचारलं, पस्तावलीस का? तर म्हणाली, "डिसेंबरात, हो." दुकानातल्या मांसाचं बिल बघून भावजय म्हणाली होती, हे तुझ्या वहीचं बिल. ताईने ते बिलही वहीत चिकटवून ठेवलंय.

दुसऱ्या एका वर्षाची गोष्ट उलटी. नर मिळाला, सातशे-आठशे मीटरवर. सोलून, चिरून, पिशव्यांत भरून सगळं तळ्याशी आलं. मग धुकं बसलं. विमान चार दिवस नाही. या चार दिवसांत मांस सांभाळायचं म्हणजे काय, ते ऐका, कारण इथे ताईची खरी मेहनत आहे. मांसाला तीन शत्रू: ऊब, ओल आणि घाण. जनावर पडल्याबरोबर सोलायचं, कारण ती कातडी म्हणजे रजई, आत ऊब राहते आणि मांड्यांच्या हाडाजवळ मांस आंबतं. पिशव्या श्वास घेणाऱ्या कापडाच्या. प्लास्टिकमध्ये कधी नाही. दोन झाडांमधे आडवी बल्ली बांधून पिशव्या टांगायच्या, एकमेकींना न टेकवता, वारा खेळता ठेवून. वर ताडपत्री, पण बाजू मोकळ्या. माश्या बसू नयेत म्हणून लिंबूफूल पाण्यात विरघळवून शिंपडायचं. तेच, जे आपण सरबतात घालतो. मांस तंबूपासून लांब, पण नजरेच्या टप्प्यात, कारण वासावर अस्वल येतं. त्यासाठी भोवती बॅटरीवरची तार. आपल्याकडे रानडुकरांसाठी शेताला झटका मशीन लावतात ना, तेच, फक्त छोटं. चार दिवस ताई दर तीन तासांनी उठून पिशव्या फिरवत होती, ओल्या झालेल्या बदलत होती. बरगड्यांची एक पिशवी तरी आंबलीच. मीठ संपलं होतं, चहा संपला होता. मांस मात्र मुबलक, आणि अळणी.

त्या वेळी त्यांच्याजवळ उपग्रहावरून संदेश पाठवायचं यंत्र नव्हतं. आता आहे, फोनएवढं. पण त्या यंत्राच्या आधीचा कागद अजून आहे. एक पायलटकडे, एक माझ्या बहिणीच्या फ्रिजवर: तळं नकाशावर कुठे, तंबूचा रंग कोणता, परतीची तारीख कोणती, त्यानंतर किती दिवस वाट पाहायची आणि मग पोलिसांना कळवायचं. तिकडे राज्याचे पोलीसच शोध घेतात. माझ्या बहिणीला पहिल्या वर्षी ही जबाबदारी दिली तेव्हा तिला झोप लागेना. आता ती दर सप्टेंबरात हवामान बघते, जशी मी जूनमध्ये बघते.

तुम्ही विचाराल, बाई हे शिकली कुठे. थोडं वडिलांकडून, पण ते मुलाला शिकवायचे आणि ही बाजूला उभी. नंतर तिने बायकांसाठीच्या शिबिरात नाव घातलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १९९१ साली एका विद्यापीठाच्या मंडळींनी सुरू केलेली ही शिबिरं आहेत, आणि अलास्काचं वन्यजीव खातंही ती घेतं. नकाशा वाचणं, तंबू, बंदूक सांभाळणं, जनावर चिरणं, सगळं बायकांना शिकवतात. तिथेच तिला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, हिशेब कोण ठेवतं? तेव्हापासून वही.

चिरण्यावरून एक सांगायचं राहिलं. तिकडच्या मूळ रहिवासी बायकांची एक सुरी असते, उलू म्हणतात, अर्धचंद्रासारखं पातं आणि वर मूठ. आपल्या विळीचं पातं काढून हातात धरल्यासारखी. ताईकडे तिच्या शेजारच्या आजींनी दिलेली आहे. या आजी नदीकाठच्या लांबच्या गावच्या, लेकीकडे शहरात राहायला आलेल्या. पासष्ट वर्षांवरच्या माणसाच्या वतीने दुसऱ्याने शिकार करून द्यायची सोय तिथल्या कायद्यात आहे, काही भागांत, कागद भरून. ताईच्या भागात ती लागू होत नाही, म्हणून ती आपल्यातलाच वाटा देते.

शिकार झाल्यापासून, नाहीतर हंगाम संपल्यापासून पंधरा दिवसांत खात्याला अहवाल द्यावा लागतो, आणि गंमत म्हणजे काही मिळालं नसलं तरी द्यावा लागतो. आपला निरंक अहवालच! जे देत नाहीत त्यांना पुढच्या वर्षी अडचण येते. ताईच्या वहीत त्या रिकाम्या वर्षाच्या अहवालाची नक्कलही लावलेली आहे, बिलाच्या शेजारी.

मग वाटप. तिन्ही घरांत काट्यावर, सारखं. जीभ आणि काळीज आजींना. आजी पिशवी हातात तोलून वजन सांगतात आणि बरोबर निघतं, असं बहीण म्हणते. या सप्टेंबरात ती तिघं पुन्हा जातायत. पायलटला गेल्या वर्षीच आगाऊ पैसे दिलेत, तीन फेऱ्यांचे. भावजयीने या खेपेला मीठ दुप्पट लिहिलंय.

आपल्या गटाचं प्रदर्शन नोव्हेंबरात आहे. टेम्पोवाल्याशी परतीचं बोलून ठेवायला मी उद्या जाणार आहे. कुणाला बरोबर यायचं असेल तर दहाच्या आत फोन करा.